पोत्याच्या कुशीतून

अण्णा संध्याकाळी घरी आले की आधी शर्टाचा खिसा रिकामा करायचे, मग हातपाय धुवायचे. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानावर तूर, मूग, मसूर, हरभरा, कधी चवळी, कधी वाल, असा मूठ-दोन मुठींचा ढीग पडायचा. आम्ही तिन्ही बहिणी त्याभोवती बसायचो. कुठला दाणा या वर्षीचा, कुठला मागच्या वर्षीचा, कुठल्याला कीड आतून लागली आहे आणि कुठल्याला नुसती धूळ आहे, हे सांगायचं. चुकलं तर अण्णा काही बोलत नसत. तो दाणा उचलून आपल्याच दाताखाली धरत, फोडत आणि त्याचे दोन भाग आमच्या तळहातावर ठेवत. बरोबर आलं तरी काही बोलत नसत. कौतुक नावाची गोष्ट आमच्या घरात जवळजवळ नव्हती, आणि तिच्यावाचून आमचं काही अडलंही नाही.

अण्णा मार्केट यार्डात भुसार बाजारात माल तपासायचे. आधी दहा वर्षं पाठीवर पोती वाहिली, मग मणका बोलायला लागला तेव्हा एका अडत्याने त्यांच्या हातात नळी दिली. हातभर लांब, लोखंडी, एका टोकाला निमुळती, वरून उघडी. पोत्यात खुपसली की आतले दाणे तिच्या पन्हाळीतून घरंगळत हातावर येतात, पोतं फाटत नाही, आणि काढल्यावर नळीच्याच टोकाने तागाचे धागे चोळले की भोकही दिसत नाही. हातावर आलेली ती मूठ परत पोत्यात टाकायची नसते, ती तपासणाऱ्याची, असा तिथला रिवाज होता. त्या मुठींचं आमच्या घरी वरण व्हायचं. आई त्याला नमुन्याचं वरण म्हणायची. सगळ्या डाळी एकत्र. एक शिजून पीठ झालेली, एक अजून दाताखाली येणारी, त्यावर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. पुढे मोठमोठ्या ठिकाणी जेवले, पण एका घासात पाच वेगवेगळ्या गोष्टी जिभेला ओळखू आल्या नाहीत तर मला जेवण अपुरं वाटतं, ते त्यामुळे.

बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पहाटे आधी ट्रकचे आवाज यायचे, मग आईची बुद्धवंदना, मग तिचं शिवणयंत्र. आई ब्लाऊज शिवायची आणि शिवताशिवता आमच्याकडून विज्ञानाचं पुस्तक मोठ्याने वाचून घ्यायची. तिला त्यातलं निम्मं कळत नसे, पण आम्ही कुठे अडखळलो ते बरोबर कळायचं. यंत्र थांबवायची आणि म्हणायची, "परत वाच. तुलाच कळलेलं नाही ते."

एका उन्हाळ्यात, मी नववीत असेन, अण्णांचा डबा घेऊन यार्डात गेले. समोर हरभऱ्याची थप्पी होती. मी मोठ्या रुबाबात पोत्याच्या शिवलेल्या तोंडाजवळ बोट घालून दोन दाणे काढले आणि म्हणाले, "अण्णा, हा एक नंबर हाय."

"तोंडापाशी काय बघतीस? तोंड भरणाऱ्यानं भरलेलं असतंय, तुला दाखवायला." त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "कुशीत घाल. खालनं तिसरं पोतं."

मी घातली. आलेल्या मुठीत अर्धे दाणे भुंगा लागलेले. त्या मालाचा धनी अण्णांचा सख्खा मेहुणा होता, माझा मामा. तो बाजूलाच तंबाखू मळत उभा होता. अण्णांनी माझ्या हातातली मूठ त्याच्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाले, "पाव्हणं, ही थप्पी बाजूला लावा." मामा वर्षभर आमच्याकडे आला नाही. आईनेही अण्णांना एका शब्दाने विचारलं नाही. मामा पुढच्या दिवाळीत आला, तेव्हा त्याला नमुन्याचं वरणच वाढलं.

एवढं सांगितलं की लोकांना वाटतं मी आता प्रयोगशाळेकडे एकदम उडी मारणार. तशी उडी नव्हती. वाडिया कॉलेज, विद्यापीठ, शिष्यवृत्त्या, एका परीक्षेत नापास होणं, परत बसणं, हे सगळं मधे आहे, आणि ते इतर हजारोंसारखंच असल्यामुळे इथे लिहीत नाही. सरांपासून सुरू करते.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. प्रथिनांवर काम करणारी त्यांची प्रयोगशाळा होती. मुलाखतीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वडील काय करतात?" तो प्रश्न कुठे जातो हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून मी पाठ ताठ करून सांगितलं, "मार्केट यार्डात माल तपासतात." सरांनी विचारलं, "कसा?" मी नळी समजावून सांगितली. कुशीतून का घालायची तेही. ते ऐकत राहिले आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "हिला नमुना घेणं म्हणजे काय ते शिकवायला नको. इथे एमएस्सी झालेल्यांना शिकवावं लागतं."

त्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं काढली. माझे हात चांगले होते, हे मी सांगायला संकोचत नाही. भर मे महिन्यात स्वेटर घालून शीतखोलीत उभं राहायचं, काचेच्या नळकांड्यांतून थेंबथेंब प्रथिन गाळायचं, आणि जे दुसऱ्याच्या हातून तीनदा वाया गेलं ते माझ्या हातून पहिल्याच खेपेला उतरायचं. सगळ्यात अवघड काम एका विषारी प्रथिनाचं होतं. त्याचं नाव लिहीत नाही; आमच्या कामात ती सवयच लागते. त्या विषावर उतारा शोधायचा तर आधी त्याची बोथट आवृत्ती हवी. प्रथिन म्हणजे शेकडो मण्यांची माळ असते आणि ती स्वतःभोवती घडी घालून आकार घेते. त्या माळेतले नेमके दोन मणी मी बदलले. घडी तीच राहिली, विष गेलं. दोन वर्षं लागली. ती बोथट आवृत्ती पुढे कितीतरी विद्यार्थ्यांनी साध्या हातमोज्यांत हाताळली, कारण ती बोथट होती आणि ती सुजाताने, म्हणजे मी, केलेली होती.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी तिथून बाहेर पडले. कारण सरळ होतं. माझी नेमणूक प्रकल्पागणिक व्हायची आणि मला दर तीन वर्षांनी स्वतःला सिद्ध करायचा कंटाळा आला होता. शहराबाहेर एक कंपनी होती, लोकांनी मागवलेले डीएनएचे तुकडे बनवून देणारी. ग्राहक अक्षरांची मालिका पाठवतो, कंपनी ती प्रत्यक्षात बनवून छोट्या कुपीत भरून देते. कोणी घातक जंतूचा किंवा विषाचा तुकडा मागवू नये म्हणून प्रत्येक मागणी आधी संगणकातून जायची. घातक गोष्टींच्या यादीशी अक्षरं जुळली तर लाल, नाही तर हिरवी. लाल झालेल्या मागण्या तपासायला त्यांना जीवशास्त्र हातांनी केलेलं माणूस हवं होतं.

सरांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आता तू गेटवर बसणार."

"तसंच काहीसं, सर."

"अठरा वर्षं शिकवलं, ते वॉचमन व्हायला."

मी बाहेर येऊन स्कूटर सुरू केली. तो शब्द मात्र माझ्याबरोबर आला आणि बरेच महिने राहिला. खरं सांगायचं तर कंपनीतही मी वॉचमनच होते. बाकी सगळी मुलं तिशीच्या आतबाहेर, दिवसभर इंग्रजीत बोलणारी. माझा वरिष्ठ निखिल माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मुलगा सरळ, पण त्याला प्रत्येक गोष्ट शुक्रवारच्या आत रवाना झालेली हवी असायची.

लाल मागण्या आठवड्याला चार-पाच यायच्या. उरलेल्या वेळात काय करायचं म्हणून मी रोज हिरव्यांतल्या दोन मागण्या, डोळे मिटून बोट ठेवावं तशा, उचलून पाहायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. नुकतीच एआयची अशी साधनं आली होती की अक्षरं दिली की ते प्रथिन कसं घडी घालेल ते काही मिनिटांत पडद्यावर दिसायचं. ज्या आकारासाठी आमच्या पिढीने आयुष्यं घातली तो चहा निवायच्या आत समोर. मी ते वापरायला शिकले आणि प्रत्येक मागणीचा आकार बघायला लागले.

निखिल म्हणाला, "मॅडम, ग्रीन म्हणजे ग्रीन. डबल चेक कशाला?"

"संगणक अक्षरं बघतो. मी घडी बघते."

"पण यादीशी मॅच होत नाही ना?"

"यादी म्हणजे पोत्याचं तोंड आहे," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही आणि मी समजावलंही नाही. तेव्हा मलाही ते अर्धंच कळलेलं होतं.

चार महिने दोन-दोन मागण्या बघत गेले. काहीही सापडलं नाही. मग एका मंगळवारी जेवणाआधी एक हिरवी मागणी उघडली. घडी पडद्यावर फिरायला लागली आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला. ती घडी मी अंधारातही ओळखली असती. दोन वर्षं तिच्याबरोबर राहिले होते. अक्षरं मात्र निम्म्याहून जास्त वेगळी होती, म्हणून यादीशी जुळली नव्हती. मी माळेतल्या त्या दोन जागा शोधल्या. तिथे माझे बदललेले मणी नव्हते. मूळचेच होते. बोथट केलेलं पातं कोणीतरी परत धारदार केलेलं होतं. मागणी करणाऱ्याचं नाव वर होतं: सरांची प्रयोगशाळा.

काय झालं असेल ते मला पाच मिनिटांत दिसलं. प्रथिनांची नवी रचना सुचवणारी एआयची साधनं आता विद्यार्थ्यांच्या हातात होती. कोणीतरी माझी बोथट आवृत्ती त्यात घातली आणि सांगितलं, हिला जास्त टिकाऊ कर. यंत्राने केली. करताना आम्ही मुद्दाम केलेली मोडतोड त्याला दोष वाटली, आणि त्याने आज्ञाधारकपणे तीही दुरुस्त करून दिली. आता तो तुकडा प्रयोगशाळेत जाणार, त्याचं प्रथिन तयार होणार, आणि कुणीतरी मुलगी ते साध्या हातमोज्यांत हाताळणार. कारण वहीत लिहिलेलं असणार की ही सुजाताची आवृत्ती, निर्धोक आहे.

मी निखिलला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. "मॅडम, हे तुमचेच सर ना? ते कशाला काही वाईट करतील?"

"ते वाईट करतील असं मी म्हटलेलं नाही. कुपीत काय जाणार आहे ते म्हटलं."

"सिस्टीमने पास केलंय. संस्था मोठी आहे, आपली जुनी क्लायंट आहे. थांबवली आणि तुमचा अंदाज चुकला, तर मला वर उत्तर द्यावं लागेल. आणि पुढच्या महिन्यात तुमचं कन्फर्मेशन आहे, हे तुम्हाला माहीत आहे." त्याने ते धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, खरोखर काळजीने म्हटलं. "थांबवायचीच असेल तर तुमच्या सहीने थांबवा."

अंदाज चुकू शकत होता. पडद्यावरची घडी ही पडद्यावरचीच घडी असते. प्रत्यक्षात ते प्रथिन विषारी निघालंच असतं अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. चुकले असते तर नोकरी गेली असती आणि सरांपुढे उभं राहायला तोंड उरलं नसतं. मी सही केली आणि डबा उघडला. भाजी मेथीची होती. पूर्ण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "सुजाता, माझी ऑर्डर तू थांबवलीस?"

"हो सर."

"कारण?"

"घरी येऊन सांगते. फोनवर सांगण्यासारखं नाही."

"ये. चारनंतर."

सर नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. दार काकूंनी उघडलं आणि मला बघून न विचारता डाळिंब्यांच्या उसळीची वाटी समोर ठेवली. वाल जुने होते. अण्णांनी एका दाण्यात सांगितलं असतं. उसळ मात्र उत्तम होती. सर आतून आले. "बसा, वॉचमनबाई."

मी बसलेच होते. दोन कागद टेबलावर ठेवले, एक माझ्या जुन्या आवृत्तीचा, एक नव्या मागणीचा.

"प्रोग्रॅमने पास केलेली ऑर्डर आहे ही," सर म्हणाले.

"हो."

"मग तू कुठून बघितलीस?"

"कुशीतून, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती मुलाखत आठवली असावी. पेन्सिल घेतली. यंत्राने दिलेल्या क्रमांकांवर सरांनी कधी विश्वास ठेवला नाही. एकेक मणी पेन्सिलीने टोकत, पुटपुटत मोजत गेले. पहिल्या जागेपाशी पेन्सिल थांबली. दुसऱ्या जागेपाशी त्यांनी ती खाली ठेवली आणि फोन उचलला.

"ऋतुजा, त्या मशीनला नेमकं काय सांगितलं होतंस?" फोन मोठ्या आवाजावर होता, पलीकडे त्यांची विद्यार्थिनी.

"सर, स्टेबल करायला सांगितलं होतं."

"आणि त्या दोन जागांना हात लावू नकोस, हे?"

"सर... मला वाटलं ते त्याला कळेलच. म्हणजे, तोच तर सगळा पॉइंट आहे ना आपल्या कामाचा."

"आपल्या कामाचा आहे. त्याच्या नाही." मला वाटलं आता ते तिला फाडून खाणार, आमच्या वेळी खाल्लं असतं. पण ते म्हणाले, "उद्या नऊला ये. जेवलीस का? आधी जेव."

फोन ठेवून त्यांनी पेन्सिलीने त्या दोन जागांभोवती गोल केले. "ती साध्या ग्लोव्ह्जमध्येच काम करते," ते म्हणाले.

"आम्ही सगळे तसंच करायचो."

"ऑर्डरवर माझी सही आहे. हे मी बघायला हवं होतं." मग नेहमीच्या आवाजात, "हे तू आता लिहिणार कुठेतरी."

"लिहावं लागेल, सर. प्रयोगशाळेचं नाव अहवालात जाईल."

"जाऊ दे. नीट लिही. तुझा ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद आहे, कोणाकडून तपासून घे."

मी चपला घालत होते तेव्हा ते दारापर्यंत आले. सर दारापर्यंत कोणालाच सोडायला येत नाहीत. "मी तुला वॉचमन म्हणालो होतो."

"हो सर."

"शब्द काही चुकीचा नव्हता."

"नाही, सर. मलाही आता चुकीचा वाटत नाही."

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. मी तीन मजले उतरले ते जवळजवळ पळत. चव्वेचाळीस वर्षांची बाई नारायण पेठेतल्या जिन्यावरून पळत उतरते आहे, हे कोणी पाहिलं नाही हे बरं झालं.

पुढचं थोडक्यात. अहवाल वरपर्यंत गेला. यंत्रांनी रचलेली प्रथिनं नुसत्या अक्षरांवरून ओळखता येणार नाहीत, घडी आणि काम बघावं लागेल, हे कंपनीला पटलं आणि त्यासाठी एक छोटा गट झाला. निखिलने स्वतःहून माझं नाव पुढे केलं, ही त्याची बाजू नोंदवायला हवी. मी पंचेचाळिसाव्या वर्षी संगणकाला सूचना लिहायला शिकले, निम्म्या वयाच्या मुलींकडून, रोज एखादी चूक करत आणि "मॅडम, परत स्पेस विसरलात" हे ऐकत. आज माझं काम याच्याही पुढे गेलेलं आहे. एआयची नवी मॉडेल्स बाहेर येण्याआधी आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना हरतऱ्हेने वाकडे प्रश्न विचारतो, न द्यायची माहिती ती देतात का ते बघायला. समोरून विचारलं तर सगळीच सभ्य उत्तरं देतात. आम्ही कुशीतून विचारतो. परदेशातल्या सभांत मला बोलावतात तेव्हा तिथली मंडळी या पद्धतीचं नाव विचारतात. मी सांगते की पद्धत मार्केट यार्डातली आहे. त्यांना तो विनोद वाटतो. ऋतुजा आता आमच्याच गटात आहे. आमच्यात सगळ्यात संशयी तीच.

आणि सर? त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रत्येक मागणीवर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हाताने एक ओळ असायची: "दोन जागा मोजल्या आहेत. तरी मोजाव्यात."

नारायण पेठेतून निघाले त्याच संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं होतं. आई तेव्हा हयात नव्हती. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "माल परत लावला?"

"हो. दुरुस्त करून पाठवतील."

"धनी कोण हुता?"

"माझे सर."

"आन् बोलायचे थांबले का तुझ्यासंगं?"

"नाही. दारापर्यंत सोडायला आले."

अण्णा उठले, कपाटामागून नळी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ने. मला आता काय करायचीय?"

दुसऱ्या दिवशी मी ती पिशवीत घालून कामावर नेली, टेबलावर ठेवायला. गेटवर काकडे म्हणून पहारेकरी आहेत, मला रोज नमस्कार करणारे. त्यांनी पिशवी उघडायला लावली.

"मॅडम, हे काय हाय?"

"नळी आहे. पोती तपासायची."

"हितं कुठं पोती हायत?" त्यांनी टोकावर अंगठा फिरवला. "टोकदार हाय. आत न्यायची न्हाई."

"काकडे, मी रोज इथून जाते."

"म्हणून तर. रोजच्या माणसाची पिशवी कोण बघत न्हाई."

मी भांडू शकले असते. निखिलला फोन लावला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी त्यांनी वहीत "लोखंडी नळी, एक, टोकदार" असं लिहिलं, त्यापुढे मी सही केली आणि आत गेले. नळी अजून काकड्यांच्या केबिनमध्ये खुंटीला आहे. मी परत मागितलेली नाही. संध्याकाळी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी काकड्यांचं गाव विचारलं, आणि ते तुरीच्या पट्ट्यातलं आहे, घरोघरी पोती असतात, हे मी सांगितल्यावर म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे तिथंच. तो वापरंल."